रिकाम्या फळ्यांचा पंचनामा

वादळाच्या आदल्या दिवशी सकाळी आबा आणि गुणाजीकाका एका सोंडेवरून भांडत होते.

भांडण लावून दिलं होतं दिगंबर गावड्याने. त्याच्या मुलाने मुंबईहून मोबाइलवर एका गणपतीचा फोटो पाठवला होता, आणि यंदा घरी अस्साच हवा म्हणून दिगंबर तो दाखवायला आला होता. गणपतीची सोंड उजवीकडे, हातात धनुष्य, दंड पैलवानासारखे.

आबांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो पाहिला. "ह्यो शिकारीक चल्लो काय रे?"

"मेस्त्रीनू, झिलाक असोच व्हयो."

"झिलाक सांग, उजव्या सोंडेचा सोवळा कडक. तुझ्या घराक न्हाणी पेटता सकाळी धा वाजता. झेपतला तुका?"

गुणाजीकाका कोपऱ्यात माती मळत होते. तिथूनच म्हणाले, "देवा हो उजवी. गिऱ्हाईक मागता ता करूक व्हया. जग बदलला."

"तू माती मळ. जगाचा मी बघतंय."

"तीस वर्सा मातीच मळतंय. एकदा तरी माझा आयकलात?"

"आयकलंय म्हणान तर सगळ्या गणपतींच्या पोटात गुठळे."

दिगंबर हसत बसला, चहा प्यायला आणि शेवटी डाव्या सोंडेवर राजी होऊन गेला. धनुष्याचं बघू, असं आबांनी त्याला सांगितलं. म्हणजे धनुष्य होणार नव्हतं.

आमच्याकडे गणपतीच्या कारखान्याला शाळा म्हणतात. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शाळा घराला लागून, खाडीपासून शंभर पावलांवर. पत्र्याची लांब शेड, दोन्ही बाजूंना फळ्यांच्या मांडण्या, मधे जेमतेम एक माणूस चालेल एवढी वाट. अक्षय्य तृतीयेला घराघरातून पाट यायचे. पाट म्हणजे त्या घरचा लाकडी पाट, ज्याच्यावर त्या घरचा गणपती बसतो. कुणी आजोबांच्या वेळचा फणसाचा, कुणी मुंबईच्या बिऱ्हाडातून आणलेला सागवानी. सोबत एक नारळ आणि विडा. आबा पाट हातात घेऊन खालची बाजू बघायचे, तिथे खडूने घराचं नाव घालायचे आणि मांडणीवर ठेवायचे. मूर्ती त्या पाटावरच घडायची आणि चतुर्थीला त्याच पाटावरून घरी जायची. त्या वर्षी दोनशे बारा पाट आले होते. एकशे चौऱ्याऐंशींवर मूर्ती उभ्या होत्या. रंग नव्हता, डोळे नव्हते, नुसती करडी शाडूची माती वाळत होती.

मी उन्हाळ्याच्या सुट्टीला आले होते. कोल्हापुरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरी करत असे. आई जाऊन चार वर्षं झाली होती. दर सुट्टीत मी आबांना एकदा विचारायचे, ते त्या दिवशीही विचारलं. दुपारी ते फळीला टेकून बसले होते. नखांतली माती काडीने काढत होते.

"आबा, तुमी सत्तरीक इलात. एकटे खंयवर रवतलात? माझ्याकडे चला. खोली रिकामीच आसा."

"पाट येतत तवसर मी खंय जातंय गो?"

"आणि पाट येवचे थांबले तर?"

"मगे तू सांगशीत थंय येतलंय." ते हसले. "तुझ्या सासूक इचार आधी. माका रोज मासो लागता."

संध्याकाळी पंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरली. वादळ येणार, कच्च्या घरातल्यांनी मराठी शाळेत जावं. आबा म्हणाले, दर वर्षी सांगतात, दर वर्षी ते गुजरातला जातं. तरी त्यांनी आणि गुणाजीकाकांनी दोन ताडपत्र्या मूर्तींवर घातल्या आणि पत्र्यावर दगड ठेवले. रात्री आम्ही पेज आणि भाजलेला सुका बांगडा खाल्ला. मोबाइलवर तालुक्याच्या कचेरीचा संदेश आला होता, तो मी आबांना वाचून दाखवला. नुकसान झाल्यास वस्तू पंचनामा होईपर्यंत हलवू नयेत, शक्य असल्यास फोटो काढून ठेवावेत.

"आधीच पंचनाम्याचा बोलतत," आबा म्हणाले. "काय माणसा ही."

*

वादळ सकाळी आठला लागलं आणि दुपारी दोनला गेलं. आम्ही तिघं माजघरात बसलो होतो, कारण गुणाजीकाका पहाटेच मूर्ती बघायला म्हणून आले आणि अडकले. साडेनऊच्या सुमाराला शाळेचा पहिला पत्रा उडाल्याचा आवाज आला. आबा उठले. गुणाजीकाकांनी त्यांना कमरेला धरून खाली बसवलं.

"सोड माका."

"पत्रो मानेक लागलो तर दोन मढी होतली. एक तुमची, एक माझी. बसा."

त्यानंतर पत्रे एकामागून एक गेले. आबा मोजत होते, हे मला त्यांच्या ओठांवरून कळलं. सतराव्यानंतर ते थांबले. सतराच होते.

पाऊस थांबल्यावर आम्ही शेडमध्ये गेलो. ताडपत्र्या कुठे गेल्या होत्या ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कच्ची माती पाच तास पावसात उभी होती. सोंडा आधी गळल्या होत्या, मग हात. काही मूर्तींचं नुसतं पोट शिल्लक होतं, काहींचं बैठकीवरचं पाऊल. मधल्या वाटेत घोट्यापर्यंत करडा चिखल. पाट बहुतेक जागच्या जागी होते.

आबा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. प्रत्येक पाटापाशी थांबले. मग खाडीकडच्या बाजूने बाहेर पडले. गुणाजीकाका त्यांच्या मागून गेले.

मी एकटी राहिले तेव्हा मोबाइल काढला. आधी संपूर्ण शेडचे दोन, मग प्रत्येक मांडणीचे. एकूण चौदा फोटो काढले. तारीख आणि वेळ आपोआप उमटत होती. हे काम कुणीतरी करायला हवं होतं आणि तिथे ते सुचणारी मी एकटीच होते.

थोड्या वेळाने दिगंबर आला. त्याच्या पडवीची कौलं गेली होती, पण तो आधी आपला गणपती बघायला आला. आबाही परतले होते. दिगंबर आपल्या पाटापाशी उभा राहिला आणि त्याने मुलाला पाठवायला म्हणून मोबाइल वर धरला.

आबांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. इतक्या हळू, की आधी दिगंबरला कळलंच नाही.

"तुझ्या घरात कोण गेला, तर मढ्याचो फोटो काढून मुंबैक पाठवतलंस?"

"तसा नाय मेस्त्रीनू..."

"मोडलेल्या देवाचो फोटो कोणी काढूचो नाय. कोणीच."

त्यांनी मोबाइल परत केला. माझा मोबाइल माझ्या कुडत्याच्या खिशात होता. मी तो तिथेच राहू दिला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी सांगितलं की आज सगळ्यांना खाडीत पोचवायचं.

गुणाजीकाका उडालेच. "मेस्त्री, अडीच टन माती ती! भिजवया, गाळया, परत मळया. महिनाभर मोडतलो, पण चवथीक उभे रवतले. माझे हात हत मा? मी मळतंय."

"जी माती देवाच्या अंगाक लागली, ती परत पायान तुडवतलंस?"

"देव खंय झालो अजून? डोळे उघडूक नाय, पूजा नाय. आता माती ती माती."

"पाटार बसलो म्हणजे त्या घरचो झालो," आबा म्हणाले. "डोळे भटजीक लागतत. घराक पाट पुरता."

मीही बोलले. मी शांतपणे, मुद्द्याने बोलले, जशी मी ग्रंथालयात समितीपुढे बोलते. सरकार कारागिरांना, दुकानदारांना, टपरीवाल्यांना मदत देणार आहे. नुकसानीच्या निम्मी रक्कम मिळते. त्यातून पत्रे येतील, नव्या मातीचा ट्रक येईल. पण तलाठ्याला नुकसान दिसलं पाहिजे. मूर्ती खाडीत गेल्या तर त्याने काय बघायचं?

"कधी येतलो तलाठी?"

"चार-पाच दिवस लागतीत. रस्त्यार झाडां पडलीहत."

"पाच दिवस तेंका असेच ठेवू? हात नाय, सोंड नाय, कुत्री येतली, कावळे बसतले. घरातली माणसा येऊन बघतली आणि मी सांगू, थांबा, साहेब येवचो आसा?"

गुणाजीकाका धोतराचा सोगा खोचून पहिली पाटी भरायला वाकले.

गाव आलं. स्वतःची छपरं तशीच ठेवून माणसं आली. ज्याचा त्याने आपापला पाट उचलला, वर जे काही शिल्लक होतं त्यासकट. वाटेतला चिखल पाट्यांत भरला. आबा पाण्यात गुडघाभर उभे होते आणि पाट हातात आला की खालचं नाव वाचून मोठ्याने म्हणत होते. परब वरचे. परब खालचे. धुरी. शेलटकर. नाव घेतलं की माती सोडायची, पाट धुऊन परत द्यायचा. आरती नव्हती, फटाके नव्हते. एक नारळ सगळ्यांचा मिळून. दुपारी भरती लागेपर्यंत खाडी करडी झाली होती.

धुतलेले पाट आबांनी परत शाळेत आणायला सांगितले. "चवथ अजून लांब आसा," ते म्हणाले.

*

तलाठी सहाव्या दिवशी आली. साताऱ्याकडची मुलगी होती, पाटोळे आडनावाची, तिशीच्या आतली. साडी वर खोचलेली, पायात गमबूट, खांद्याला पिशवी. सकाळपासून एकोणतीस घरं करून आली होती. गुणाजीकाकांनी तिला पाणी दिलं. दिगंबर आणि पोस्टातले नाईक पंच म्हणून आले होते.

तिने शेड टेपने मोजली, गेलेले पत्रे लिहिले. मग आत येऊन दोन्ही बाजूंच्या मांडण्या बघितल्या. धुऊन पुसून ठेवलेले पाट, एकावर एक. जमीनही गुणाजीकाकांनी सारवली होती.

"मूर्ती कुठे आहेत?"

"खाडयेत," आबा म्हणाले.

"वाहून गेल्या?"

"नाय. मिया पोचवलंय."

तिने आमच्याकडे पाहिलं. मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत होती आणि पेनाने कपाळ खाजवत होती.

"अहो मेस्त्री, पण मी रिकाम्या फळ्यांचा पंचनामा कसा करू?"

"आमी सांगतो मा," दिगंबर म्हणाला. "एकशे चौऱ्याऐंशी होते. आख्ख्या गावान बघितला हा."

"दादा, आख्ख्या गावाचं मी ऐकते. वरचे ऐकत नाहीत. परवा एकाने मला सांगितलं, वादळात त्याच्या तीन म्हशी गेल्या. गोठा बघितला तर कोंबडी मावायची नाही त्यात." ती जरा हसली, मग थांबली. "मातीची पावती?"

पावती मातीच्या व्यापाऱ्याकडे होती आणि त्याचं दुकान पाण्यात होतं.

"मग फोटो? एखादा तरी? मोबाइलवरचा चालेल. तारीख दिसली की झालं. मी स्वतः जोडते आणि तुमचं पूर्ण नुकसान लिहिते. खोटं लिहायला मला जमणार नाही, पण खरं लिहायला काहीतरी द्या हो मला."

आबा म्हणाले, "फोटो कोणी काढूक नाय."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयाने नव्हे. घरातलं माणूस साक्षीला असलं की आपण जसं सहज त्याच्याकडे बघतो, तसं. दिगंबर खाली बघत होता. गुणाजीकाका माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला आशा दिसली. मी शिकलेली होते, शहरात राहत होते, त्या दिवशी शेडमध्ये एकटी राहिले होते.

मी काही बोलले नाही.

तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं. शेडचे सतरा पत्रे उडाले. शेडमध्ये तयार अथवा अर्धवट माल आढळून आला नाही. आबांनी सही केली, पंचांनी केली.

निघताना ती अंगणात माझ्यापाशी थांबली. "ताई, शुक्रवारपर्यंत यादी माझ्याकडेच आहे. काही सापडलं तर कचेरीत आणून द्या. नंतर मला हात लावता येणार नाही."

शुक्रवारी मी शेडला घालायची ताडपत्री आणायला तालुक्याला गेले आणि संध्याकाळच्या एसटीने परत आले.

*

पत्र्यांचे साडेचार हजार रुपये आबांना दिवाळीनंतर मिळाले. बाजारात चहाची टपरी गेलेल्या माणसाला त्याच्या चौपट मिळाले, आणि त्याबद्दल आबांनी कधी एक शब्द काढला नाही. गावाने वर्गणी काढायचं ठरवलं, ते त्यांनी ऐकलं नाही. "तुमचीच घरां उघडी," म्हणाले.

त्या वर्षी चतुर्थीला आमच्या गावातले सगळे गणपती वीतभर होते. मातीचा ट्रक येऊ शकला नाही. गुणाजीकाकांनी तळीतली चिकणमाती खणून आणली, चार वेळा गाळली आणि आबांनी ताडपत्रीखाली बसून दोनशे बारा मूर्ती केल्या. मोठ्या थोरल्या पाटांवर मधोमध वीतभर गणपती. दिगंबरने आपला नेताना विचारलं, "मेस्त्रीनू, धनुष्य खंय?" आणि आबा म्हणाले, "पुढल्या वर्सा वाढतलो मगे घेतलो." सगळे हसले. मी रजा काढून गेले होते, मीही हसले.

पण पुढल्या वर्षासाठी शेड उभी राहिली नाही. आबांचा उजवा खांदा त्या दोन महिन्यांत धरला तो सुटला नाही. कर्ज काढायला ते तयार नव्हते, आणि मीही तसा आग्रह केला नाही. फाल्गुनात त्यांनी घराघरात निरोप पाठवला की यंदा पाट पाठवू नका. मग मला फोन केला.

"बाय, तुझी ती खोली आसा काय अजून?"

सात वर्षं ते माझ्याकडे होते. कुणी म्हणेल, सुखात होते. सासूबाईंनी त्यांच्यासाठी मासे करायला शिकून घेतलं. खांद्याला शेक मिळाला, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, गॅलरीत उन्हात खुर्ची टाकून ते पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. माझ्या मुलीने एकदा बेंदराच्या सणाला त्यांच्याकडे मातीचे बैल करून मागितले. त्यांनी तिला हाताला धरून कुंभारगल्लीत नेलं आणि चांगले बघून विकत घेऊन दिले. घरी येऊन बैलांची शिंगं कशी जाड केली आहेत ते मला दाखवलं. बोटाने दाखवलं, हात लावला नाही.

गावाबद्दल विचारलं की म्हणत, "बरा चल्ला असतला."

यंदा माघात ते गेले. चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी पहाटे झोपेत.

*

चैत्रात मी गावी गेले. घरपट्टीला माझं नाव लावायचं होतं. ग्रामपंचायतीतलं काम तासाभरात झालं. मग मी गुणाजीकाकांना भेटायला गेले.

शाळा बंद झाल्यावर त्यांनी दोन वर्षं मिळेल ते काम केलं आणि मग समुद्राकडच्या एका हॉटेलात राखणदाराची नोकरी धरली, हे मला फोनवरून माहीत होतं. फाटकापाशी छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत ते बसले होते. निळा शर्ट, खांद्यावर पट्टी, डोक्यावर टोपी. सत्तरी त्यांनीही ओलांडली होती. मला ओळखल्यावर उठून उभे राहिले आणि सवयीने सलाम करायला हात वर गेला, तो त्यांनी मधेच टोपी नीट करण्याकडे वळवला.

"बाय गो! बस, बस." मला खुर्ची देऊन ते कठड्यावर बसले. "उत्तरकार्याक येवक गावला नाय. शनवार-आयतवार होतो, सायबान रजा नाय दिल्यान. मनात राग धरू नको हां."

"राग कसलो, काका."

"शेवटाक तरास झालो काय मेस्त्रींका?"

"नाय. झोपेतच."

"बरा झाला." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. फाटकातून एक गाडी आत आली, तेव्हा ती पुन्हा घालून उठले, फाटक उघडलं, लावलं, परत येऊन बसले.

"आता गावात गणपती ट्रकान येतत," ते म्हणाले. "प्लास्टरचे. दिगंबराचो दोन वर्सा धनुष्यवालो इलो. उजव्या सोंडेचो." ते हसायला लागले. "पैल्या वर्सा धनुष्य वाटेतच मोडला. फेविकॉलान चिकटवल्यान आणि माका म्हणता, मेस्त्रींका सांगू नको हां!"

मीही हसले. त्यांचे हात गुडघ्यांवर होते. तीस वर्षं माती मळलेले तळवे, आता कोरडे आणि पांढरे.

"ह्या कामात कंटाळो येता," ते म्हणाले. "बसान बसान पाय धरतत. पण मी बायलेक नेहमी सांगतंय. मेस्त्रींचा सगळा गेला, शाळा गेली, पण तेंच्या चेडवान बापाशीचो शब्द मोडूक नाय. त्या दिवशी माका वाटला होता, बाय, खोटा कित्याक बोलू. तू एकटी शेडात होतंस. माका वाटला, हिच्याकडे फोटो आसतलो. आता काढतली, मगे काढतली. वाटला, एक फोटो निघांदे, मेस्त्री चार दिवस बोलूचे नाय, पण शाळा वाचतली." त्यांनी मान हलवली. "मगे माकाच माझी लाज वाटली. बापूस नको म्हणता तर चेडू कसा काढतला? तू देवाचा राखलंस आणि बापाशीचा राखलंस. मेस्त्री जाताना माका ताच म्हणाले होते. गाडयेत बसताना. गुणाजी, म्हणाले, माझा चेडू सोन्याचा."

मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, तरी मी बघितलं.

"गुणाजीकाका," मी म्हटलं, "फोटो होते. चौदा होते. आबा खाडयेकडे गेले तेव्हा मी काढलेले. तलाठी विचारी होती तेव्हा मोबाइल माझ्या खिशात होतो. त्या वेळेक मी आबांसाठी गप रवलंय, असा मी इतकी वर्सा स्वतःक सांगतंय. पण शुक्रवारी मी तालुक्याक गेलंय तेव्हा ती बाय कचेरीच्या पायरीर गावली. तिणां इचारल्यान, काही सापडलं का ताई? थंय आबा नव्हते. कोणच नव्हता. फोटो दिलंय असतंय तर आबांका कधी कळूचाही नव्हता. मी नाय म्हटलंय, आणि एसटीत बसान चौदाच्या चौदा पुसून टाकलंय. तुमचा काम जातला, ह्या माका तेव्हाच ठावक होता. काका, माका शाळा बंद जावक व्हयी होती."